तुम्ही विचारलंत म्हणून: बादलीला वास का येत नाही

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायची, गॅलरीतली झाकण लावलेली बादली दिसली की इंदूरच्या आमच्या घरी येणारे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. "ह्यात ओला कचरा? वास नाही येत?" आणि "सकाळी कचऱ्याची गाडी दारात येते, मग हा खटाटोप कशाला?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. दुसऱ्याचं अजून नाही.

बादलीत पाणी साठलं आणि हवा संपली की वास येतो. कारण एवढंच आहे, पण लोकांना हवं असतं पाकिटाचं नाव: कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, कोणतं घालता? मूठभर जुनं खत किंवा अर्धी वाटी आंबट ताक, बास. खरी गरज वाळक्या पानांची. भाजीच्या सालींत पाणी आणि नत्र भरपूर, कर्ब कमी. जिवाणूंना १ भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. तो पानं पुरवतात, शिवाय ओल शोषतात आणि मधे हवा खेळती ठेवतात. म्हणून १ वाटी ओल्या कचऱ्याला २ वाट्या चुरलेली पानं, रोज, न चुकता.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात इंदूरमध्येच पालापाचोळा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. १९३१ साली ती पुस्तकरूपाने आली आणि 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिच्यातही ढीग ठरावीक काळाने उलटवायचाच होता. ज्या गावाच्या नावाने हे जगात ओळखलं जातं, तिथेच मला ते पटवून द्यावं लागतं, याचा त्रास होतो.

आता शेजारच्या वहिनींची बादली. ऐन पावसाळ्यात त्यांनी ती आणून दाखवली, नाकाला पदर लावून. रंगाची २० लिटरची बादली, भोकं व्यवस्थित पाडलेली, कल्चरही घातलेलं. झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास, वर काकडी-कलिंगडाच्या सालींचा गिळगिळीत थर, आत राखाडी अळ्या. "तुमच्या सांगण्यावरून सुरू केलं," एवढंच त्या म्हणाल्या. बादली उचलून बघितली तेव्हा कळलं. ती सपाट फरशीवर ठेवलेली होती, त्यामुळे तळाची भोकं फरशीला चिकटून बंद. खाली दोन विटा नव्हत्या आणि आत एक पान नव्हतं.

सगळं ताडपत्रीवर ओतलं, काळं पाणी निथळू दिलं. त्याच्या दुप्पट चुरलेली पानं मिसळून दोन दिवस सावलीत पसरलं. मग तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या घालून परत भरलं, बादली विटांवर, खाली थाळी. चौथ्या-पाचव्या दिवशी वास गेला. अळ्या तशाच ठेवल्या. त्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, कचराच खातात, चावत नाहीत. हे सांगूनही वहिनींनी पुढे बादली बंद केली. त्यांना दोष कसा देऊ?

करायचंच असेल तर तळाला ८-१० आणि बाजूंना तीन ओळींत भोकं, ६ ते ८ मिलिमीटरची. ड्रिल नसेल तर तापवलेली सळई. कचरा इंचभर चिरून. दर तीन-चार दिवसांनी तळापासून हलवायचं. मूठ आवळली की एखादा थेंब यावा; धार लागली तर पानं घाला, भुगा उडाला तर पाणी शिंपडा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे पानं कमी. उरलेले पोहे, शेव, तेलकट भाजी नको. तेलाने हवा अडते, आणि एवढ्याशा बादलीत शिजलेलं अन्न पचवण्याइतकी उष्णता तयार होत नाही. बादली भरली की दीड-दोन महिने झाकून बाजूला आणि दुसरी सुरू.

पानं मात्र फाल्गुन-चैत्रातच गोळा करा, कडुनिंब-पिंपळ झडतात तेव्हा, पोती भरभरून. आषाढात कोरडं पान मिळत नाही. अडलंच तर कोकोपीट किंवा फाडलेलं खोकं. सुताराकडचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

राहिला दुसरा प्रश्न. पूर्वी मी ठासून सांगायचे की प्रत्येक घरात बादली हवीच. मग फेब्रुवारी २०२२मध्ये इंदूरच्याच देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजी, म्हणजे कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प सुरू झाला. तिथे मिथेन पकडून इंधन होतं. कुजट बादलीतून तोच मिथेन हवेत जातो. म्हणजे नीट न जमणारी बादली गाडीपेक्षा वाईट, हे मान्य करावंच लागतं. पण माळव्याची काळी माती कुंडीत पाण्याने फुगते, उन्हात दगडासारखी होऊन तडकते. तिच्यात तिसरा हिस्सा हे खत मिसळलं की ती भुसभुशीत राहते आणि मुळं खाली उतरतात. ते खत गाडी परत आणून देत नाही. तेव्हा कुंड्या असतील तर बादली ठेवा. नसतील तर ओला कचरा सरळ गाडीत द्या, मी आग्रह धरणार नाही. फक्त कुंड्या असूनही "वास येईल" म्हणून नाही म्हणत असाल, तर आधी बादलीखाली विटा आहेत का ते बघा.