लिंगमळ्याची थंडी आणि आमची जुनी डिझेल गाडी

गेल्या जानेवारीत महाबळेश्वरला मावशीकडे मुक्कामाला होतो, सकाळी दहाला दादांना साताऱ्यात डॉक्टरांकडे पोचवायचं होतं आणि गाडी स्टार्टच होईना. चावी फिरवली की नुसतं कटकट कटकट. शेवटी मावशीच्या दोन पोरांनी आणि शेजारच्या काकांनी उतारावर ढकलून चालू करून दिली. दादा पुढच्या सीटवर कानटोपी घालून बसलेले, एक शब्द बोलले नाहीत, पण गुडघ्यावर ठेवलेले त्यांचे हात कापत होते ते मला अजून दिसतात. त्यात पसरणी घाटात काच आतून धुरकटली, मी एका हाताने रुमालाने पुसतोय आणि समोरून एसटी वळण घेऊन येतेय. तेव्हाच ठरवलं की पुढच्या थंडीत गाडी आधी मिस्त्रींकडे आणि मगच वर.

म्हणून यंदा डिसेंबर लागल्या लागल्या गोडोलीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी बोनेट उघडून आधी बॅटरीला मीटर लावला. गाडी रात्रभर उभी होती, चांगली बॅटरी असती तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला पाहिजे होतं, आमची १२.१. मी म्हटलं अहो पण उन्हाळाभर कधी त्रास दिला नाही हिने. तर म्हणाले, "अवो साहेब, बॅटरी मरती उन्हाळ्यात, थंडीत नुसतं कळतंय." हे मला खरंच माहीत नव्हतं. उन्हाळ्याच्या उष्णतेने बॅटरी आतून झिजत जाते पण गरमीत इंजिन हलकं फिरतं म्हणून निभावतं, थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद कमी झालेली असते. साडेचार वर्षं झाली होती, बदलून टाकली.

मग हीटर प्लग. डिझेलवाल्यांनी हे नक्की बघा. चार सिलिंडरला चार प्लग असतात, ते आतली हवा तापवतात म्हणून थंड इंजिन पेट घेतं, आमचे चारातले दोन मेलेले! गेल्या वर्षीचं सगळं कोडं तिथेच सुटलं. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा, आपण घाईत थांबत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रावण, तेही बदललं. मागे कुणीतरी त्यात नळाचं पाणी ओतलं होतं, रेडिएटरच्या तोंडाशी गंजाचा तांबूस थर बोटाला लागला. टायरची हवा मात्र मी सकाळी गार टायरवरच चेक करतो, कारण तापमान पाच-सहा डिग्रीने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो, मी, बायको आणि दादा. पाचवडवरून वाई, पसरणी घाट, पाचगणीत चहा, आठच्या आत मावशीकडे लिंगमळ्याजवळ.

सकाळी साडेसहाला बाहेर आलो तर गाडीचं टप पांढरं! वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठतात हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो पण आपल्याच गाडीवर बघणं वेगळं. आभाळ निरभ्र असलं की रात्रभर पत्रा उष्णता सोडत राहतो आणि हवेपेक्षाही गार पडतो, त्यात गार हवा सखल भागात येऊन साचते. जवळून बघितलं तर काचेवर बारीक बारीक सुया, फर्नच्या पानासारख्या पसरलेल्या. मावशी गरम पाण्याचा तांब्या घेऊनच आली, तिला म्हटलं मावशी थांब, गार काचेवर गरम पाणी पडलं तर तडा जाईल. जुनं प्लास्टिकचं कार्ड होतं त्याने हळूहळू खरवडलं. वायपर रात्रीच वर उचलून ठेवले होते, नाहीतर रबर काचेला चिकटतं आणि ओढलं की फाटतं.

मग चावी. पिवळा दिवा लागला, विझला, आणि पहिल्याच फिरकीत चालू. दादा मागून म्हणाले, "झाली रे!" इतकंच, पण मला भरून आलं.

परतताना पाचगणी सोडून घाटाला लागलो तर वर लख्ख ऊन आणि खाली वाईचं सगळं खोरं धुक्यात बुडालेलं. दोन मिनिटं थांबून बघितलं, मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. काच पुन्हा धुरकटायला लागली तेव्हा हीटरसोबत एसी चालू केला आणि बाहेरची हवा आत घेतली. थंडीत एसी कशाला असं बायकोही म्हणाली, पण एसी हवेतली ओल काढून घेतो, मिनिटभरात काच साफ. आपण सगळं बंद करून बसतो आणि आपल्याच श्वासाची वाफ आतच फिरत राहते.

वाई ते पाचवड मात्र खरंच भीती वाटली. हंगाम चालू, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. धुक्यात ऊसच आधी दिसतो, ट्रॉली नंतर. अप्पर म्हणजे लांबचा झोत मारला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते म्हणून डिपर म्हणजे खालचा झोत आणि फॉग लॅम्पवरच गाडी ठेवली, तिशीच्या वर गेलोच नाही. एका ठिकाणी ट्रॉली रस्त्यातच उभी, टायर पंक्चर. माझ्याकडे डिकीत लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण होता, तो बराच मागे नेऊन ठेवला आणि ट्रॅक्टरवाल्या पोराला म्हटलं राहू दे तुझ्याकडेच. बीडकडचा होता, अंगात पातळ स्वेटर. दादांनी आपली कानटोपी काढून त्याला दिली.

साताऱ्यात पोचल्यावर आधी नवीन त्रिकोण घेतला, मग दादांसाठी कानटोपी.