तुम्ही विचारलंत म्हणून: टोपीखालचं हाड

काठी सोडून मला चार वर्षं झाली, तरी फोंड्याच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की विचारतंच, "खुब्यात धातू बसवल्यावर मांडीचं हाड आतून विरत जातं म्हणतात. तुमचं कसं आहे हो?" विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा कुणाचा तरी खुबा दुखत असतो, आणि भीतीपोटी ऑपरेशन पुढे ढकलणं चाललेलं असतं. परवा तुम्ही भावासाठी विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

माझं ऑपरेशन खुबा बदलण्याचं नव्हे, रिसरफेसिंगचं. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाचा गोळा त्याच्या खालच्या बारीक भागापाशी, म्हणजे हाडाच्या मानेपाशी, कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत लांब दांडा बसवतात. रिसरफेसिंगमध्ये गोळा आपलाच राहतो. तो तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी चढवतात, समोरच्या खोबणीत त्याच धातूची वाटी. बर्मिंगहॅमच्या डॉ. डेरेक मॅकमिन यांचा हा सांधा १९९७ पासून वापरात आहे. एक्स-रेत तो थेट वारुळावर फुटणाऱ्या अळम्यासारखा दिसतो: वर गोल टोपी, खाली बारीक देठ.

आता झिजण्याचं. हाड पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडलं होतं. लांब दांडा असला की चालतानाचा बराच भार दांड्यातून खाली उतरतो. वरच्या हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचं हाड शरीर हळूहळू काढून घेतं. अंतराळात गेलेल्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का कमी होतं, तेही भार नसल्यामुळेच. तुम्ही ऐकलेली गोष्ट मुळात दांड्याच्या सांध्याची. तिथेही ही झीज मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत होते, मग मंदावते. टोपीच्या सांध्यात भार पूर्वीसारखाच मानेतून जातो, म्हणून हाडाचं काम सुटत नाही.

पण पहिले काही महिने वेगळे, आणि हेच मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं असतं. त्या काळात मानेच्या हाडाची घनता थोडी उतरते, वर्षभरात बहुधा भरून येते, कधी आधीपेक्षाही वाढते. माझ्या डेक्सा चाचण्यांत, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या चाचण्यांत, हेच दिसलं. टेबलावर उताणं झोपवतात, पाऊल आतल्या बाजूला वळवून एका तिरक्या ठोकळ्याला पट्ट्याने बांधतात आणि वरून यंत्र सरकत जातं. दुखत काहीच नाही. तिसऱ्या महिन्याचा आकडा ऑपरेशनच्या आधीपेक्षा कमी होता. तो वाचून मी रात्रभर जागा होतो. वर्षाने तो परत आपल्या जागी आला होता.

चौथ्या महिन्यात गावची जत्रा आली. दुखणं गेलं होतं, पालखीला खांदा देण्याचा मोह आवरेना. बायकोने हात धरून बाजूला ओढलं. तेव्हा मला राग आला होता. नंतर वाचलं: ऑस्ट्रेलियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३५०० ऑपरेशनांच्या पाहणीत ५० जणांच्या मांडीच्या हाडाची मान मोडली होती, सरासरी पंधराव्या आठवड्याच्या आसपास. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जवळजवळ दुप्पट. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही. सर्जन सांगेल तितकं रोज चालायचं, पण उडी, धावणं, वजन उचलणं तो म्हणेपर्यंत नाही.

भावाला सांगा, आधी डेक्सा करून घे. हाड मुळातच ठिसूळ असेल तर हे ऑपरेशन त्याच्यासाठी नव्हे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तरीही नाही, कारण धातूवर धातू घासून रक्तात कोबाल्ट-क्रोमियम उतरतं आणि ते लघवीवाटेच बाहेर पडावं लागतं. मी त्यासाठी दर वर्षी रक्त तपासतो. ऑपरेशननंतर डेक्सा करताना धातू बसवलाय हे तंत्रज्ञाला पहिल्यांदा सांगायचं. तो भाग मोजणीतून वगळला नाही तर आकडा खोटाच मोठा येतो.

संध्याकाळी मी कवळ्याच्या रस्त्याने चालायला जातो. भावाला रिपोर्ट घेऊन पाठवा. त्याला झेपेल तेवढं चालू, नाहीतर कट्ट्यावर बसून बोलू.