कोचसमोर खरं बोलायला मला पाच सत्रं लागली

टीमची जबाबदारी आली तेव्हा ऑफिसने मला कोच दिल्या, म्हणजे प्रश्न विचारून मला माझ्या कामाबद्दल विचार करायला लावणाऱ्या मार्गदर्शक. सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा, एक तास. सुरुवातीला माझे वरिष्ठ, कोच आणि मी असे तिघं बसलो आणि गोपनीयतेचं ठरलं. मी सत्रांना जाते की नाही आणि उद्दिष्टं कोणती, एवढंच वरिष्ठांना कळणार. आत काय बोललं जातं ते नाही. सह्या झाल्या, पण माझा विश्वास बसला नव्हता. पैसे ऑफिस भरतंय, म्हणजे बोललेलं तिथपर्यंत जाणारच, असंच वाटत होतं.

म्हणून पहिली चार सत्रं मी तयारी करून गेले. वहीत मुद्दे आणि प्रत्येक अडचणीपुढे तिचा उपायही लिहिलेला. वेळेचं नियोजन सुधारायचंय, कामं वाटून द्यायला शिकायचंय. खोटं त्यात काही नव्हतं, पण ज्याने माझी झोप उडाली होती ते त्यात नव्हतंच. टीममधली सगळ्यात चांगली मुलगी सोडून गेली होती, आणि ‘तिला जास्त पगार मिळाला’ असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. कोचनाही.

पाचव्या सत्रात बसल्या बसल्या कोच म्हणाल्या, “मागच्या वेळी माझी एक चूक झाली. त्या मुलीबद्दल सांगताना तुम्ही मधेच थांबलात. ती शांतता मला झेपली नाही आणि मी घाईने पुढचा प्रश्न विचारला. आज मी थांबणार आहे.”

एवढंच. स्वतःच्या आयुष्यातली कहाणी वगैरे काही नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वहीवर आडवं ठेवलं आणि गप्प बसल्या. मी त्या पेनाकडेच बघत होते. मग तोंडून निघालं, “ती पगारासाठी गेली नाही. मी तिला सगळ्यांसमोर नको ते बोलले, म्हणून गेली.”

त्यांनी समजूत घातली नाही, दोषही दिला नाही. फक्त विचारलं, “बोलण्याच्या आधीच्या क्षणी तुम्हाला काय झालं होतं?” तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ते उघडं पडेल या भीतीने मी तिच्यावर ओरडले होते. हे मी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी आमचं उद्दिष्टच बदललं. नियोजन मागे पडलं आणि टीमसमोर ‘मला माहीत नाही’ म्हणता येणं, हे खरं काम सुरू झालं.

पुढे मी यावर वाचलं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनने कोचसाठी ज्या मूलभूत क्षमता ठरवल्या आहेत, त्यांत विश्वास निर्माण करण्यासाठी कोचने मोकळेपणा आणि व्हल्नरेबिलिटी, म्हणजे आपली हळवी, कच्ची बाजू न लपवणं, दाखवावी, असं स्पष्ट म्हटलंय. मला मात्र मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं १९५७ सालचं म्हणणं जास्त भिडलं. ते थेरपीबद्दल लिहीत होते: थेरपिस्टने त्या नात्यात आत एक, बाहेर एक असू नये. पण आपल्या भावना बोलून मोकळं होणं हा त्यामागचा हेतू नव्हे, समोरच्याला आपल्याबद्दल फसवू नये हा आहे.

हा फरक मला चुकूनच कळला. उत्साहाच्या भरात टीममधल्या एका नवीन मुलाला मी माझ्या सगळ्या धास्ती सांगून टाकल्या. तासभर तोच माझी समजूत काढत बसला. सत्रात मी हे अभिमानाने सांगितलं, तेव्हा कोचनी विचारलं, “हे बोलून हलकं कोण झालं?”

नवव्या सत्रानंतर मी आधी टीमला पगाराची गोष्ट खोटी होती हे सांगितलं आणि मग त्या मुलीला फोन केला. कारणं दिली नाहीत. मी काय केलं तेवढं सांगितलं आणि माफी मागितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती भरून काढायला माझ्याकडे शब्द होते, पण मी थांबले.

“मला वाटलं होतं, तुम्हाला ते आठवतही नसेल,” ती म्हणाली.