बंद होण्याआधीची भिंत : आमची वाटचाल

वडोदऱ्यातील घरांमध्ये जिप्सम बोर्डाची (दोन्ही बाजूंना कागद असलेल्या जिप्समच्या फळ्यांची) पार्टिशन आणि छते बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम आमची लहानशी फर्म 2006 पासून करीत आहे. त्याआधी माझे वडील रंगकामाची कंत्राटे घेत असत. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून, सगळी भिंत तळहाताने चाचपून पाहिल्याशिवाय ते प्राइमरचा हात लावू देत नसत. मी फॉल्स सीलिंगच्या कामात पडलो तेव्हा तळहाताची ती सवय घेऊनच पडलो. मात्र बोर्डाची भिंत वरून कितीही चाचपली तरी तिचे खरे काम आत असते, हे समजायला मला काही वर्षे लागली.

पार्टिशनचे आमचे पहिले मोठे काम मांजलपूरमधील एका फ्लॅटचे होते. बोर्ड नीट बसले, रंगही छान उठून आला, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर दर चार फुटांवर केसासारखी एकेक उभी रेघ दिसू लागली. पीओपीच्या छतांची सवय असल्यामुळे आम्ही बोर्डांचे सांधे पीओपीनेच भरले होते आणि टेप लावलीच नव्हती. पीओपी कडक आणि ठिसूळ असते. एसी लागला, हवा दमट झाली की आतली पत्र्याची चौकट आणि बोर्ड किंचित हलतात, आणि ती हालचाल न सोसल्यामुळे ते सांध्यातच तडकते. दाराच्या चौकटीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगांचे कारण वेगळे होते. बोर्डाचा सांधा आम्ही बरोबर दाराच्या चौकटीच्या रेषेत आणला होता. दार आपटले की त्याचा सगळा हादरा त्याच रेषेवर येतो. म्हणून दाराजवळ बोर्ड एल आकारात कापून सांधा चौकटीपासून दूर, दाराच्या माथ्यावर न्यावा लागतो. घरमालकांनी एकही कठोर शब्द उच्चारला नाही, याचे ओझे मला अधिक वाटले. सगळे सांधे खरवडून आम्ही ते काम स्वखर्चाने पुन्हा केले.

तेव्हापासून सांध्यावर जॉइंटिंग कंपाउंडचा (सांधे भरण्याच्या खास लगद्याचा) थर देऊन त्यात कागदी टेप दाबून बसवायची, तो थर पूर्ण वाळला की दुसरा आणि तिसरा हात आधीच्यापेक्षा रुंद ओढायचा, ही पद्धत आम्ही मोडलेली नाही. पावसाळ्यात एकेक हात वाळायला दोन दिवसही लागतात. लग्नकार्य तोंडावर आले असेल तर लोक घाई करतात, आणि अशा वेळी काम नाकारावे लागले तरी आम्ही ते नाकारतो. स्क्रूच्या बाबतीतही असेच आहे. त्याचे डोके कागदाच्या पातळीखाली जेमतेम जावे, पण कागद फाटू नये. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली असे समजून आम्ही दोन इंचांवर दुसरा मारतो, कारण असेच सैल स्क्रू पुढे रंगाखाली पुळीसारखे वर येतात.

रावपुऱ्यातील एका जुन्या वाड्याच्या कामाने आमच्या फर्मला वळण लावले. दोन भावांना माडी वाटून हवी होती, आणि खाली होता कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांची जमीन. चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दर चौरस मीटरला साधारण 250 किलो भरते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची चौकट आणि तिच्या दोन्ही अंगांना 12.5 मिलिमीटरचा बोर्ड असे पार्टिशन 25 किलोच्या आसपास. शंभर वर्षांच्या तुळयांवर कोणते उभे करायचे, हा प्रश्न तिथेच मिटला. पण एका अंगाचे बोर्ड चढल्यावर घरातल्या आजींनी बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहिले आणि म्हणाल्या, “अरे दादा, ही पोकळ वाजते. उद्या हिच्यावर देवांच्या तसबिरी कशा टांगायच्या?”

हा प्रश्न त्यानंतर जवळपास प्रत्येक घरात ऐकला, आणि तो अगदी योग्य आहे. मी आजींना दुसऱ्या अंगाने, जिथे अजून बोर्ड नव्हता तिथे, बोलावले. दर 2 फुटांवर उभे असलेले स्टड (चौकटीच्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या), वायरिंगचे पाइप कुठून गेले आहेत ते, आवाज अडवण्यासाठी मधे भरायचा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), असे सगळे दाखवले. तसबिरींची जागा त्यांनीच बोटाने दाखवली आणि त्या उंचीवर दोन स्टडांच्या मधे आम्ही जाड प्लायची आडवी पट्टी कसली. दुसरे अंग बंद करण्यापूर्वी मापपट्टी धरून फोटो काढले. ‘घरच्यांनी आतली भिंत पाहिल्याशिवाय ती बंद करायची नाही’ हा आमचा नियम त्या माडीवर झाला. पंखा किंवा झुंबर असेल तर त्याचा हूक थेट स्लॅबमधूनच आला पाहिजे, बोर्डाच्या छतावर त्याचा भार देता येत नाही, हेही आम्ही त्याच वेळी दाखवतो.

पाण्याने मात्र आमची खरी परीक्षा पाहिली. 31 जुलै 2019 रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये 26 फुटांची धोक्याची पातळी असलेली विश्वामित्री नदी 35 फुटांच्याही वर गेली. कारेलीबाग आणि समा भागांत आम्ही उभारलेली तळमजल्यावरची कित्येक पार्टिशन पाण्यात उभी होती. जिप्सम पाणी शोषते आणि कागद ते वर ओढतो, त्यामुळे घरात फूटभर पाणी आले असले तरी ओल त्याच्या बरीच वर चढलेली असते. वरून कोरडी दिसणारी भिंत पुसून रंगवली तर आत ओला रॉकवूल आणि बुरशी तशीच राहते. त्या दिवसांत घरोघर आम्ही एकच करीत होतो. ओलीच्या वर जाऊन लेझर लेव्हलने सरळ रेषा मारायची, त्याखालचा बोर्ड आणि भिजलेला रॉकवूल काढून टाकायचा, चौकट धुऊन भिंत उघडीच ठेवायची आणि पंखे लावून पूर्ण वाळू द्यायची. आता पूर येणाऱ्या भागांत तळाची 4 फूट उंची आम्ही सिमेंट बोर्डानेच करतो, आणि जमिनीपासून सेंटिमीटरभर फट सोडून ती स्कर्टिंगने झाकतो, म्हणजे रोज पुसण्याचे पाणीही वर चढत नाही. स्नानगृहाला लागून असलेल्या भिंतीला हिरवा, ओल सोसणारा बोर्ड वापरतो. पण तो बोर्डही पुराच्या पाण्यासाठी नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

लहान दुरुस्त्याही आम्ही आवडीने करतो. दाराची मूठ लागून पडलेले भोक नुसते लांबीने बुजवले तर ते पुन्हा निखळते. ते चौकोनी कापून, आतून प्लायची पट्टी स्क्रूने धरून, त्यावर त्याच जाडीचा बोर्डाचा तुकडा बसवून चारही बाजूंना टेप लावली की जागा ओळखू येत नाही.

रावपुऱ्यातील त्या वाड्यातून यंदा पुन्हा बोलावणे आले. धाकट्या पातीतील मुलाचे लग्न ठरले आहे, आणि दोन्ही घरांनी मिळून माडीच्या पार्टिशनमध्ये ये-जा करण्यासाठी दार मागितले आहे. आम्ही जुने फोटो काढले. पश्चिमेकडून तिसऱ्या आणि पाचव्या स्टडच्या मधे वायर नाही, प्लायची पट्टीही नाही, हे त्यांत स्वच्छ दिसत होते. मधला स्टड कापून तिथेच दार काढले. वरच्या कोपऱ्यांचे बोर्ड एल आकारात कापले आहेत, टेपवरचा तिसरा हात कालच वाळला, आणि आजींच्या तसबिरी होत्या त्याच जागी आहेत.