निळ्या पाटीचा तुकडा

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा ती दिसायला इतकी चांगली होती की मला तिथेच संशय आला. 1956 सालची डुक्कर फियाट, मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडांखालच्या पडवीत वीसेक वर्षं उभी. आणि तिच्या दाराखालचा पत्रा असा तुळतुळीत? आमच्याकडे संध्याकाळी घासून पांढरा केलेला पत्रा उघडा राहिला तर सकाळी तो चहाच्या रंगाचा झालेला असतो. घामाचा हात लागला असेल तर पाच बोटंही उमटलेली दिसतात.

लोहचुंबक खिशात असतोच. बॉनेटला लावला, टक्कन चिकटला. टपाला चिकटला. डाव्या दाराखाली रनिंग बोर्डाला लावला, तर सरळ माझ्या चपलेवर पडला.

गाडीबरोबर दोघं आली होती. मालकीण काकी, म्हणजे गाडी तिच्या नवऱ्याची, आणि मुंबईहून आलेला तिचा पुतण्या. पुतण्याला गणपतीत गाडी स्वतः चालवत घरी न्यायची होती. मी म्हटलं, रंगाचं नंतर बघू, पण पत्र्याचं काम आणि प्रायमर मृगाच्या आत झालं पाहिजे. पावसात उघडा पत्रा म्हणजे रोज सकाळी कालचंच काम परत. त्याने मान डोलावली. काकी स्टुलावर बसली आणि उठायचं नाव घेईना.

पेट्रोलची टाकी काढून लांब फणसाखाली ठेवली. डाव्या बाजूला ग्राइंडर लावला. पहिला थर निघाला फायबरचा, मच्छीमारी होड्यांना मारतात तसा. अंगाला अशी खाज सुटली की तासाभराने मी विहिरीवर जाऊन डोकं धुऊन आलो. काकी म्हणाली, हे तिच्या यजमानांचं काम, होडीला मारून उरलेलं गाडीला मारलं. खरं सांगायचं तर काम वाईट नव्हतं. बाहेरून पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं होतं. आतलं पाणी बाहेर येणार नाही असंही होतं, पण ती त्यांची चूक नव्हती. ते पुढे येईलच.

फायबरखाली पुट्टी. पुट्टी नखाएवढी जाड असेपर्यंत मी कोणाला बोलत नाही. इथे ती करंगळीएवढी होती. पुट्टी ओल शोषते, मग खाली पत्रा गंजतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो आणि पुट्टीला पापडासारखा वर उचलतो. छिन्नी घातली तर वीतभर लांब तुकडा एकदम सुटून खाली आला.

पुट्टीखाली ठिगळ होतं, पितळेच्या टाक्याने गॅसवर जोडलेलं. भोवतालचा मूळ पत्रा बिस्किटासारखा कुस्करत होता आणि ठिगळ मात्र धडधाकट. मी ते पक्कडीने ओढून काढलं, उलटं केलं, कपड्याने पुसलं. निळा रंग. निळ्यावर पिवळ्या ऑइलपेंटने अक्षरं: ‘टिंग’.

मी तिथेच खाली बसलो.

1996 साली मी सतरा वर्षांचा होतो आणि मेस्त्रींच्या हाताखाली सहा महिने झाले होते. गॅरेजच्या दारावर निळी पाटी होती, ‘डेंटिंग पेंटिंग’. वाऱ्याने पडून ती वाकली म्हणून मेस्त्रींनी नवी करून घेतली आणि जुनी मागे टाकून दिली. एका गाडीला ठिगळ हवं होतं, पत्रा संपला होता, मेस्त्री कुडाळला गेले होते. मी कात्री घेतली आणि पाटी कापली. हा तुकडा डेंटिंगमधला की पेंटिंगमधला, ते देवाला माहीत. पाटीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला. टाके मारताना पांढरा धूर निघाला, मी तो नाकातोंडात घेतला आणि रात्री मला थंडी वाजून असा ताप भरला की आईने दोन गोधड्या घातल्या. जस्ताच्या धुराने तसं होतं हे मला पुढे कळलं. तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं मलेरिया. त्या तापामुळेच ती गाडी लक्षात राहिली होती. रंग तेवढा तेव्हा वेगळा होता, म्हणून टेम्पोतून उतरताना ओळखली नाही.

पण ठिगळ हे खरं पाप नव्हतं. रनिंग बोर्ड म्हणजे आतून पोकळ पेटी. तिच्या तळाला कंपनीने भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी निथळावं म्हणून. मी आरसा धरून खालून बघितलं. तीन भोकं, तिन्ही पुट्टीने बुजवलेली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेली. हेही माझंच. सतराव्या वर्षी मला भोक दिसलं की ते गंजाचंच वाटायचं. मेस्त्री म्हणाले होते, “सगळी भोकां बुजव.” मी सगळी बुजवली. त्यानंतर काकीचे यजमान ही गाडी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात तिथे, नेत, ओल्या वाळूतून परत आणत. पाणी आत जात राहिलं आणि खारं पाणी बसून राहिलं. पेटी फोडली तेव्हा आतून दोन ओंजळी वाळू निघाली, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट.

काकी मघापासून बघत होती. “काय रे झिला, भूत बघलंस?”

“काकी, ह्यां काम माझांच,” मी म्हटलं आणि तुकडा तिच्या हातात दिला.

तिने अक्षरं वाचली. “तेवा किती घेतलेलंस?”

“मेस्त्रींनी चारशे घेतले. माका धा दिले.”

“मगे धा रुपये परत दी.”

मला वाटलं थट्टा आहे. तिने हात पुढे केलेलाच ठेवला. मी पाकिटातून दहाची नोट काढून दिली, तिने ती घडी करून कमरेच्या पिशवीत घातली आणि पुतण्याला म्हणाली, हा करील काम नीट.

नीट म्हणजे काय, तर पुढचे चार दिवस मी फोडलेली पेटी गाडीपासून कापून काढलीच नाही. या गाडीला खाली वेगळी चासी नाही, अंगच सगळा भार घेतं. त्यात तिची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांची बिजागरं मधल्या खांबावर, आणि खांबाचा पाय याच पेटीवर. घाईने पेटी कापली तर खांब केसभर खाली बसतो आणि मग दार जन्मात लागत नाही. मी असं बिघडलेलं काम दुसऱ्यांच्या गॅरेजमधून आलेलं पाहिलंय. म्हणून गाडी स्टँडवर पाणसळीने सरळ केली, दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी पाइप आडवा-तिरका टाक्यांनी जोडला, दोन्ही कर्ण मापून भिंतीवर खडूने लिहिले.

नवी पेटी 18 गेजच्या सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्र्याची, साधारण सव्वा मिलिमीटर जाड. कुडाळच्या एमआयडीसीत बेंडिंग मशीनवर वाकवून आणली. जुनी कापली, नवी बसवली, आणि टाके एका ओळीत न मारता एक पुढे, एक मागे, एक मध्ये. सलग मारलं की पत्रा तापून ताणला जातो आणि मध्ये फुगतो, दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. एका ठिकाणी तरीही फुगला. तिथे रुपयाएवढा ठिपका लाल केला, खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीचे चार हलके ठोके दिले आणि ओलं फडकं लावलं. चर्र आवाज झाला, पत्रा आक्रसला. मग डोळे मिटून तळवा फिरवला. डोळ्यांना जे सरळ दिसतं ते तळव्याला कधीकधी सरळ लागत नाही. दोनदा कानस फिरवावी लागली, तिसऱ्यांदा हात अडला नाही.

चौकटीतला पाइप कापला तेव्हा पुतण्या म्हणाला, दार मी लावतो. त्याने लावलं. खट् आवाज आला आणि फट वरपासून खालपर्यंत आगपेटीच्या काडीएवढी. मी कर्ण परत मापले. भिंतीवरचेच आकडे.

मग ड्रिल घेऊन तळाला तीन भोकं पाडली. काकीने स्टुलावरून हाक दिली, “दाखव माका.” पेटीच्या वरच्या भोकातून मी तांब्याभर पाणी ओतलं. खालून तीन धारा लागल्या. शेवटची थेंब थेंब होऊन थांबेपर्यंत काकी वाकून बघत होती. एक दिवस वाऱ्याला आणि हॅलोजनखाली सुकवून आतून मेण फवारलं, बाहेरून इपॉक्सी प्रायमर.

मृगाला अजून नऊ दिवस आहेत. डावी बाजू झाली, उजवी बऱ्यापैकी चांगली निघाली. तो ‘टिंग’ काकी घरी घेऊन गेली, काय करणार विचारलं तर म्हणाली तुळशीकडे लावीन.

मागचं डावं मडगार्ड तेवढं राहिलंय. रापणीचे मासे डिकीत त्याच बाजूला ठेवत, असं काकीने जाता जाता सांगितलं. तिथे मी अजून लोहचुंबक लावलेला नाही.