उठता उठता सांगितलेली चक्कर

मागच्या महिन्यात आईला घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो. सकाळी नंबर लावला, दीड तास बाकड्यावर बसलो, आत गेलो आणि आई म्हणाली "डॉक्टर, गुडघे फार दुखतायत आणि..." त्या "आणि"च्या पुढे काय होतं ते कुणी ऐकलंच नाही, कारण लगेच प्रश्न सुरू झाले, चढताना दुखतात का उतरताना, सूज आहे का, एक्सरे काढलाय का. गोळ्या लिहून झाल्या, मी पिशवी उचलली, आई दारापर्यंत पोचली आणि वळून म्हणाली, "रात्री उठताना दोनदा चक्कर आली हो, भिंत धरली म्हणून वाचले."

डॉक्टरांचा चेहराच बदलला. परत बसवलं, आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर चांगलंच खाली आलं होतं. बीपीच्या गोळीचा डोस कमी केला. म्हणजे मुख्य दुखणं गुडघा नव्हतंच!

घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून नेटवर शोधत बसलो, तर यावर चक्क घड्याळ लावून रिसर्च झालाय. 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी 74 पेशंटचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. पेशंटला मध्येच तोडलं जायचं ते सरासरी 18 सेकंदात, आणि सुरुवातीचं बोलणं पूर्ण करता आलं फक्त 23 टक्के लोकांना. शिवाय पेशंट जी तक्रार आधी सांगतो तीच सगळ्यात महत्त्वाची असते असंही काही नाही. आमची आई म्हणजे याचा चालताबोलता पुरावा.

आता डॉक्टर म्हणतील बाहेर चाळीस जण बसलेत, एकेकाचं पुराण ऐकत बसलो तर रात्र होईल. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण 1999 च्या अभ्यासात दिसलं की ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांना सरासरी फक्त 6 सेकंद जास्त लागले, आणि जिथे डॉक्टरांनी तक्रारी विचारून घेतल्या तिथे आईच्या चकरेसारख्या शेवटी दारात निघणाऱ्या तक्रारीही कमी होत्या. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या ओपीडीत तर डॉक्टरांना सांगूनच ठेवलं होतं की पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत गप्प बसायचं. 335 पेशंट, सरासरी 92 सेकंद. पाच मिनिटांच्या वर गेलेले फक्त सात जण, आणि त्यांचं बोलणंही कामाचंच होतं असं डॉक्टरांनीच म्हटलं. अर्थात तिकडची गर्दी आणि आपल्याकडची गर्दी यात फरक आहेच, 92 सेकंदसुद्धा चाळीस जणांचे धरले की तासभर होतो, त्यामुळे सगळा दोष डॉक्टरच्या डोक्यावर टाकायला मन धजत नाही.

परवा परत दाखवायला गेलो. जाताना रिक्षात आईला दहा वेळा बजावलं, आधी चकरेचं बोल, गुडघा नंतर. डॉक्टर या वेळी पेन खाली ठेवून म्हणाले, "बोला आजी, काय काय होतंय सगळं सांगा." मी गुपचूप मोबाईलवर टायमर लावला. 1 मिनिट 50 सेकंद. त्यातली 40 सेकंद शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची होती.