फू बाओ आणि आपला माणगा

कुडाळकडे माणग्याची, म्हणजे आपल्या कोकणी बांबूची, बेटं पाहून कुणीतरी हमखास विचारतं, पांडा इथे का नको? दक्षिण कोरियातल्या एव्हरलँड या प्राणिसंग्रहालय असलेल्या थीम पार्कमधली पांडा फू बाओ घ्या. २० जुलै २०२० ला जन्मली तेव्हा वजन १९७ ग्रॅम! मोठ्या पांड्याला मात्र रोज १२ ते ३८ किलो बांबू लागतो. आतडं मांसाहाऱ्याचं, आखूड. जेमतेम पाचवा हिस्सा पचतो. म्हणून दिवसाचे दहा-बारा तास तोंड चालूच. मनगटाच्या वाढलेल्या हाडाने कोंब धरायचा, दातांनी साल सोलायची, आतला गर खायचा. सुकलेला पाला हुंगून टाकून देतो, तेव्हा तोड ताजीच हवी. माणगा पुरेलही हो, पण एवढी दाट लोकर घेऊन मे महिन्यातला आपला दमट उकाडा? एसीशिवाय अशक्य. शिवाय परदेशात जन्मलेलं पिल्लूही चीनच्याच मालकीचं. फू बाओ ३ एप्रिल २०२४ ला तिकडे गेली.